पॅरिसमधलं साग्रसंगीत दुपारचं जेवण: टेबल राखण्यापासून बिलापर्यंत

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं पॅरिसला गेलो. एक जेवण तरी पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, घाई न करता, अगदी थाटात व्हायला हवं असं मी ठरवूनच टाकलं होतं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "भात मिळतो का तिथे?" आईने दुसरा, "आणि मी काय खायचं?" आई शाकाहारी; केकमधलं अंडं चालतं, ताटातलं नाही. बाबा मासे-मटण आवडीने खातात, बीफ मात्र वर्ज्य.

पुढे लिहिलंय ते त्या एका जेवणाच्या महिनाभराच्या उठाठेवीतून आणि नंतरच्या आणखी दोन-तीन जेवणांतून हाती लागलेलं आहे. त्या रेस्टॉरंटचं नाव देत नाही, कारण तिथे एक फजिती झाली आणि ती सर्वस्वी माझ्या चुकीमुळे. आधीच सांगून ठेवते, काटा कुठल्या हातात धरलाय याकडे तिथे कुणाचं लक्ष नसतं. पैसे आणि हौस वाया जातात ते आपण संकोचापोटी गप्प बसतो म्हणून. काय चालत नाही, बजेट किती, प्रसंग कोणता, हे सगळं सांगायचं असतं, आणि शक्यतो घरून निघण्याआधी.

दुपारच का

एक तर पैसे. पॅरिसमधली बरीच नावाजलेली रेस्टॉरंट्स दुपारी ठरावीक किमतीचा, दोन-तीन पदार्थांचा छोटा मेनू ठेवतात. मिशलिन या मार्गदर्शक पुस्तिकेचा एक स्टार (त्याबद्दल पुढे सांगते) असलेल्या ठिकाणी तो साधारण ६० ते १०० युरोंत बसतो. त्याच टेबलावर रात्री जेवलात तर आकडा सहज दीडपट-दुप्पट होतो. स्वयंपाकघर तेच, वाढणारे तेच, खुर्च्याही त्याच. तीन स्टारच्या जागी मात्र दुपारसुद्धा स्वस्त नसते, माणशी काही शे युरो धरूनच चालायचं.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. पॅरिसचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. भारतातून जाऊन दोन दिवस झालेल्या माणसाला तिथलं रात्री आठचं जेवण म्हणजे शरीराच्या हिशेबाने साडेअकरा-बाराची वेळ. चौथ्या पदार्थाला बाबा बसल्या जागी पेंगले असते. दुपारी साडेबारा म्हणजे मात्र आपले चार. पोटात कावळे ओरडत असतात.

दोन गोष्टी तपासून घ्या. दुपारचा मेनू बऱ्याच ठिकाणी फक्त कामाच्या दिवशी असतो, आणि कित्येक मोठी रेस्टॉरंट्स शनिवार-रविवार चक्क बंद असतात. दुसरं म्हणजे ऑगस्ट. त्या महिन्यात निम्मं पॅरिस सुट्टीवर जातं, स्वयंपाकीही जातात, आणि दोन ते चार आठवडे दाराला कुलूप असतं.

जागा कशी निवडायची

मिशलिन ही टायर बनवणारी कंपनी. १९०० साली मोटारवाल्यांसाठी तिने एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. १९२६पासून त्यात चांगल्या जेवणाला स्टार मिळू लागला आणि १९३१पासून एक, दोन, तीन अशी चढती भाजणी आली. एक म्हणजे वाटेत असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे त्यासाठीच प्रवास करा. हा स्टार ताटातल्या पदार्थाचा असतो. झुंबरं, गालिचे, खिडकीतलं दृश्य यांच्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे 'थाटमाट' हवा असेल तर फोटो वेगळे बघावे लागतात.

आपल्याला नक्की काय हवंय ते आधी ठरवा. जुन्या पॅरिसचा डौल हवा असेल तर पाले-रोयालच्या बागेलगतचं 'ल ग्राँ व्हेफूर' आहे. १७८४ साली कॅफे म्हणून सुरू झालेल्या त्या दालनात रंगवलेल्या काचा आणि आरसे आहेत, आणि नेपोलियन, व्हिक्टर ह्यूगो अशा जुन्या गिऱ्हाइकांच्या नावाच्या पाट्या त्यांच्या जागांवर लावलेल्या आहेत. सीन नदी आणि नोत्रदाम बघत जेवायचं असेल तर 'ला तूर दार्जाँ'. तिथलं बदक प्रसिद्ध. १८९०पासून प्रत्येक बदकाला क्रमांक देतात आणि तो क्रमांक छापलेलं कार्ड तुम्हाला मिळतं. अदबशीर वाढप काय असतं ते बघायचं असेल तर १९४६ साली सुरू झालेलं 'तायव्हाँ'.

शाकाहारी मंडळींनी मात्र 'आर्पेज' हे नाव लिहून ठेवावं. १९९६ साली तिथे तिसरा स्टार आला. पाचच वर्षांत, २००१ साली, शेफ आलाँ पासार यांनी मेनूतून लाल मांस काढून टाकलं आणि स्वतःच्या मळ्यातल्या भाज्यांना मानाचं पान दिलं. जुलै २०२५मध्ये त्यांनी मासे, अंडी, दूध, लोणी हेही बंद केलं. प्राणिजन्य म्हणावं असं फक्त त्यांच्याच पोळ्यांतला मध उरला. खिसा बराच हलका होतो. पण 'मी काय खायचं' हा प्रश्नच जिथे उद्भवत नाही, असं त्या तोडीचं फ्रेंच टेबल दुसरं मला माहीत नाही. समोरच रोदँ संग्रहालयाची बाग आहे, जेवणानंतर पाय मोकळे करायला.

आमच्या बजेटात आर्पेज बसत नव्हतं. आम्ही एका स्टारची जागा धरली.

टेबल राखताना

एक स्टारसाठी तीन-चार आठवडे, मोठ्या नावांसाठी दोन-तीन महिने आधी. बहुतेकांची नोंदणी त्यांच्या वेबसाइटवरच होते. पैसे लगेच जात नाहीत, पण क्रेडिट कार्डाचा तपशील घेऊन ठेवतात. न कळवता गैरहजर राहिलात किंवा ऐनवेळी रद्द केलंत तर माणशी ठरलेली रक्कम कापतात. ही अट बारीक अक्षरात असते, ती वाचा. शेंगेन व्हिसा हातात नसेल तर आगाऊ पूर्ण पैसे मागणारी जागा टाळा.

आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असू शकतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आधी सुरू करा. माझं कार्ड दोनदा नाकारलं गेलं आणि मी उगाच त्या रेस्टॉरंटच्या वेबसाइटला शिव्या घातल्या. बटण माझ्याच फोनमध्ये बंद होतं.

फोन करायचा असेल तर जेवणाच्या वेळा सोडून करा. तिथले सकाळचे साडेदहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दोन. वेळ शक्यतो साडेबाराची घ्या. दीडला टेबल मिळालं तर स्वयंपाकघर आवरण्याच्या सुमारास तुमचं चीज येणार आणि तुमची नजर घड्याळाकडे पळणार.

ईमेल: खरी तयारी इथे होते

नोंदणी झाली की आठवडाभर आधी एक ईमेल पाठवा. साधी इंग्रजी चालते. तीत चार गोष्टी हव्यात: किती माणसं आणि कधी, प्रसंग कोणता, कोण काय खात नाही, आणि कुणाला जिने चढायला त्रास होतो का वगैरे.

'कोण काय खात नाही' हे सविस्तर लिहा. नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. फ्रेंच स्वयंपाकाचा पायाच मुळी हाडा-मांसाच्या अर्काचा आहे. 'रेस्टॉरंट' हा शब्दसुद्धा अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ताकद भरून आणणाऱ्या सुपासाठी वापरला जायचा. ते सूप विकणाऱ्या जागेला नंतर तेच नाव पडलं. तो अर्क अजूनही सॉसमध्ये, सुपात, कधीकधी भाजी शिजवायच्या पाण्यातही असतो. कांद्याचं जगप्रसिद्ध फ्रेंच सूप बहुतेक वेळा बीफच्या अर्कात करतात. गोडात जिलेटिन असतं, आणि ते डुकराचं किंवा गुरांचं. म्हणून यादी करून लिहायची: मांस नको, कोंबडी नको, मासे आणि कोळंबी-शिंपले नकोत, मांसाचा किंवा माशांचा अर्क नको, चरबी नको, जिलेटिन नको. अंडं चालतं की नाही, आणि कुठल्या रूपात, ते वेगळ्या वाक्यात. दूध, लोणी, साय चालत असेल तर तेही आवर्जून कळवा, नाहीतर ते तुम्हाला व्हीगन समजून लोण्याशिवाय शिजवतील, आणि फ्रान्समध्ये जाऊन लोणी सोडणं म्हणजे कोकणात जाऊन नारळ सोडण्यासारखं आहे.

जैन पद्धतीचं जेवण अवघड आहे. कांदा, लसूण आणि कांद्याचाच भाऊबंद असलेला शॅलट हे तिथल्या बहुतेक सॉसमध्ये पहिल्या मिनिटाला पडतात. पूर्ण शाकाहारी मेनू मुळातच ठेवणारी जागा निवडा, टेबल राखण्याआधीच विचारा, आणि लेखी होकार आल्यावरच टेबल पक्कं करा. दारू चालत नसेल तर सॉस आणि गोडातही नको असं लिहा. वाइन तिथे फोडणीसारखी वापरतात.

आता फजिती. मला वाटलं, दोन ओळी फ्रेंचमध्ये लिहाव्यात म्हणजे बरं दिसेल. मी आईचं नाव देऊन लिहिलं, की त्या दिवशी 'आनिव्हेर्सेर' आहे. इंग्रजीतला ॲनिव्हर्सरी हा शब्द, दुसरं काय! फ्रेंचमध्ये त्याचा सरळ अर्थ वाढदिवस. लग्नाचा असेल तर 'आनिव्हेर्सेर द मारियाज' म्हणावं लागतं. म्हणजे थेट आपल्यासारखं: नुसतं 'वाढदिवस आहे' म्हटलं तर माणूस मेणबत्तीच लावणार. गोडाच्या वेळी दिवे थोडे मंद झाले, एक मेणबत्ती आली, बशीवर चॉकलेटने आईचं नाव, आणि सगळे आईकडे बघून हसतायत. बाबांच्या पुढ्यात काहीच नाही. आई म्हणाली, "बरंय, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझा एकटीचा मान." मी वेटरला चूक सांगितली तेव्हा तो आत जाऊन दुसरी बशी घेऊन आला, तिच्यावर बाबांचंही नाव.

कपडे

घरच्या लग्नाच्या स्वागत समारंभाला जाताना घालाल तेच. पुरुषांनी जॅकेट न्यावं, काही ठिकाणी ते सक्तीचं असतं, बंदगळा उत्तम. हाफपँट आणि खेळायचे बूट नकोत. साडीचं तिथे मनापासून कौतुक होतं. आईने पैठणी नेसली होती आणि पदराची काळजी तिला जेवणभर पुरली, कारण सॉस नेमका पदराच्या उंचीवर असतो. पदर पिनेने घट्ट लावून घ्या किंवा सरळ कमरेला खोचा. टाचांचे बूट असतील तर दारापर्यंत टॅक्सी करा, जुन्या गल्ल्यांमधले दगडी रस्ते टाचा खातात.

दारातून खुर्चीपर्यंत

पहिला शब्द 'बाँजूर'. बाईमाणसाला 'बाँजूर मादाम', पुरुषाला 'बाँजूर मस्यू'. हे न म्हणता थेट 'टेबल फॉर थ्री' म्हटलंत तर ते उद्धट वाटतं. आपल्याकडे कुणाच्या घरी जाऊन नमस्कार न करता 'जेवायला काय आहे' विचारण्यासारखं.

कोट काढून घेतात, तिकीट देतात किंवा देतही नाहीत. भिंतीलगतची गादीची बैठक वडीलधाऱ्यांना किंवा बायकांना द्यायची पद्धत आहे. वेटर टेबलच पुढे ओढून वाट करून देतो. खुर्चीशेजारी एक इवलंसं स्टूल दिसलं तर ते लहान मुलाचं नाही. ते पर्स ठेवायचं. आईने त्यावर पाय ठेवला होता, दोन मिनिटं.

कार्ड वाचताना

इथे गोंधळ शब्दांचा आहे. फ्रेंचमध्ये 'मेनू' म्हणजे ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण. पदार्थांची यादी असते ती 'कार्त'. तुम्ही 'मेनू' मागितलात तर ते समजून घेतात, पण पानावर 'मेनू देज्यूने' दिसलं तर तोच दुपारचा किफायतशीर पर्याय. तो कधीकधी आतल्या पानावर कोपऱ्यात असतो. दिसला नाही तर विचारा, त्यात कमीपणा काही नाही. शेजारच्या टेबलावरच्या सुटाबुटातल्या फ्रेंच माणसांनीही तोच मागवलेला असतो. 'आँत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ (अमेरिकन लोक मुख्य पदार्थाला म्हणतात, ते विसरा), 'प्ला' म्हणजे मुख्य, मग 'फ्रोमाज' म्हणजे चीज, शेवटी 'देसेर'. सात-आठ पदार्थांचा चवदर्शन मेनू बहुतेक ठिकाणी सगळ्या टेबलाने मिळून घ्यावा लागतो, एकट्याला मिळत नाही.

मांसाहारींसाठी सापळे. 'बफ' म्हणजे बीफ, 'व्हो' म्हणजे वासराचं मांस, 'आन्यो' कोकराचं, 'पोर' डुकराचं, 'कानार' बदक, 'लापाँ' ससा. 'रोन्याँ' म्हणजे गुर्दे. 'तार्तार' म्हणजे कच्चं. बदक आणि कबूतर आतून गुलाबीच वाढतात. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर 'ब्याँ क्वी' म्हणा. 'आ प्वँ' म्हणजे मध्यम असं पुस्तकात असलं तरी आपल्या डोळ्यांना ते कच्चंच वाटेल.

आणि सगळ्यात मोठा सापळा: 'री द व्हो'. बाबांनी कार्डावर 'री' वाचलं, तांदळाला फ्रेंचमध्ये 'री' म्हणतात हे त्यांनी विमानात पाठ केलं होतं, आणि त्यांनी खूश होऊन त्यावर बोट ठेवलं. भात मिळाला! उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं. हा 'री' म्हणजे वासराच्या गळ्याजवळची ग्रंथी, फ्रेंच लोकांची अतिशय लाडकी. वेटर क्षणभर थांबला. माझी ईमेल त्याच्यापर्यंत पोचलेली होती. त्याने दोन बोटं स्वतःच्या गळ्याच्या खाली टेकवली, हळूच 'बेबी काऊ' म्हणाला आणि मान नकारार्थी हलवली. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग त्यानेच मासा सुचवला. ती ईमेल पाठवली नसती तर त्या माणसाला थांबायचं काही कारणच नव्हतं.

पाणी आणि वाइन

बसल्या बसल्या एक प्रश्न येतो: सुरुवातीला शँपेनचा ग्लास? अगदी गोड आवाजात येतो, किंमत न सांगता येतो, आणि एकेका ग्लासला वीस-तीस युरो पडू शकतात. हवा असेल तर जरूर घ्या, प्रसंग आहे. नको असेल तर 'नों मेर्सी' म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

पाणी बाटलीचं नको असेल तर 'कराफ दो' मागा. नळाचं पाणी असतं, पिण्यालायक असतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. फ्रान्समध्ये हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. बाटलीचं घेतलंत तर 'प्लात' साधं आणि 'गाझ्यूझ' बुडबुड्यांचं.

वाइनसाठी सोमेल्ये नावाचा वेगळा माणूस असतो. त्याला सगळं कळतं, आपल्याला काही कळत नाही, म्हणून आपण घाबरतो. उपाय सोपा आहे. यादीतल्या एका आकड्यावर बोट ठेवा, नावावर नाही, आणि म्हणा, 'साधारण अशी काहीतरी'. तो समजतो. दुपारी एकेक ग्लास पुरतो. बाटली मागवली तर तो तुमच्या ग्लासात घोटभर ओततो आणि थांबतो. आवडली का, असं त्याला विचारायचं नसतं, बाटली बिघडलेली नाही ना एवढंच. पावसाळ्यात बंद कपाटातल्या ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर सांगा, बदलून देतात. न पिणाऱ्यांसाठी जेवणाला साजेशी फळांची, औषधी पानांची पेयं आता बऱ्याच ठिकाणी असतात, पण त्यांचीही किंमत विचारून घ्या.

प्रत्यक्ष जेवताना

आपलं ताट एकदम वाढलं जातं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात. गंमत म्हणजे फ्रेंच खानदानी जेवणही एकेकाळी असंच होतं. सगळे पदार्थ टेबलावर एकदम मांडले जायचे. एकामागून एक पदार्थ आणायची पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रुजली आणि तिला ते 'रशियन पद्धत' म्हणतात. युनेस्कोने २०१०मध्ये फ्रेंचांच्या या प्रसंगाच्या जेवणाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा त्यात हा क्रमही आला: आधी पेय, मग किमान चार पदार्थ, शेवटी पुन्हा पेय. म्हणून 'सगळं एकदम आणा' असं सांगू नका. दोन पदार्थांमध्ये वीस-पंचवीस मिनिटं जातात. तीन तास हाताशी ठेवा.

पहिल्यांदा घासाएवढे दोन-तीन पदार्थ येतील, तुम्ही न मागवलेले. आईने "हे आमचं नाही" म्हणून बशी परत पाठवायची तयारी केली होती. ही 'आम्यूज-बूश', किमतीत धरलेली असतात. शेवटी कॉफीबरोबर येणारी इवली मिठाई, 'मिन्यार्दीज', तीही.

मग पाव आणि लोणी. इथे स्वतःला आवरा. पाव फार चांगला असतो आणि आपल्याला पोटभरीची सवय असते. बाबांनी तीन तुकडे खाल्ले आणि माशापर्यंत त्यांचा पट्टा सैल झाला. पाव सुरीने कापायचा नाही, हाताने मोडायचा. पोळीचा सराव इथे कामी येतो.

काटे-सुऱ्या बाहेरून आत वापरत जायच्या. चुकलात तर वेटर न बोलता नवा काटा आणून ठेवतो. फ्रान्समध्ये काटे बऱ्याचदा पालथे मांडलेले दिसतील. पूर्वी घराण्याची मुद्रा त्यांच्या पाठीवर कोरलेली असे. चपटा, एका कडेला खाच असलेला चमचा आला तर तो सॉससाठी. बशी पुसून घ्यायचा मोह त्याने भागवा. हात मांडीवर न ठेवता मनगटं टेबलाच्या कडेला टेकवायची, ही तिथली रीत. डाव्या हाताने घास घेणं आईला काही जमेना. तिने कापून झाल्यावर काटा उजव्या हातात घेतला आणि आरामात जेवली. आकाश कोसळलं नाही.

'हे जरा चाखून बघ' ही आपली खोड घेऊनच जा, पण काटे टेबलावरून आडवेतिडवे नेऊ नका. एक रिकामी छोटी बशी मागून घ्या. संपलं की काटा-सुरी बशीत एकमेकांना समांतर ठेवायची. अलग अलग ठेवलीत तर तुम्ही अजून जेवताय असं धरून ते ताटकळत राहतात.

चीजची गाडी हा माझा आवडता भाग. वीस-पंचवीस प्रकार, वासासकट. तीन ते पाच निवडा. निवडता येत नसेल तर 'सौम्यापासून कडकपर्यंत तुम्हीच द्या' म्हणा, आणि बशीतही त्याच क्रमाने खा, निळ्या बुरशीचं सगळ्यात शेवटी. ब्रीसारख्या त्रिकोणी तुकड्याचं टोक कापून घेऊ नका, लांबीच्या बाजूने घ्या. टोक हा सगळ्यात चवदार भाग, तो एकट्याने पळवणं असभ्य मानतात. शाकाहारी मंडळींनी इथे लक्ष द्यावं: काँते, रोकफोर, ब्री द मो ही नामांकित चीजं वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचकरसाने विरजतात. ज्यांना चालत नाही त्यांनी ईमेलमध्येच लिहावं. मी लिहिलं होतं, म्हणून आईसाठी भाजलेली पीच आणि बदाम आले. ते खाऊन ती आमच्या चीजकडे दयेने बघत होती.

गोडानंतर कॉफी, गोडाबरोबर नाही, आणि 'कॅफे' म्हणजे दुधाविना, चार घोटांची. चहाबाजांनी ताज्या पानांचा काढा मागावा, व्हर्व्हेनचा चांगला असतो.

बिल

मागितल्याशिवाय येत नाही. तुम्ही सहा वाजेपर्यंत बसलात तरी ते आणून आपटणार नाहीत, तो अपमान समजतात. 'लादिस्याँ, सिल व्हू प्ले' म्हणायचं. कार्डावरच्या किमतीत कर आणि सेवाशुल्क दोन्ही धरलेलं असतं, त्यामुळे आपल्याकडच्यासारखा शेवटी आकडा फुगत नाही. फुगतो तो पेयांनी. टिप ऐच्छिक, मन भरलं असेल तर काही युरो, फार तर पाच टक्के, रोख ठेवा. मशीनवर रुपये की युरो असं विचारलं तर युरो निवडा. रुपयांचा दर मशीन स्वतःच्या सोयीने लावतं.

निघताना छापील मेनूची एक प्रत मागा, बहुतेक जण आनंदाने देतात. आणि त्या रात्री कुठलंही जेवण ठरवू नका.

आमची प्रत घरी कपाटात आहे. बाबांनी तिच्या पाठीमागे तारीख, हवामान आणि बिलाचा आकडा नीट लिहून ठेवलाय. त्याखाली आणखी एक ओळ आहे: 'मासा उत्तम. भात नाही.'